आप्पांच्या डेस्कटॉपला नवी रॅम आणि एसएसडी : कामाच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

तासगावात आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, निवडणूक आली की पत्रकं. दोन मशीन आहेत. माझं बरं चालतंय. या नोंदी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मशीनच्या.

मशीन म्हणजे २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेला ऑफिस टॉवर. आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम (एकच पट्टी), १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. आप्पा सकाळी शटर वर करतात, मशीनचं बटण दाबतात, मग गणपतीला उदबत्ती लावतात, समोरून चहा येतो, तो पिऊन होतो, आणि तेव्हा कुठं मशीन हाताशी येतं. आज मोबाईलवर वेळ लावला. बटण दाबल्यापासून कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडून त्यात लेबलाची एक फाईल दिसेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के कामात. कोरल आणि ब्राउझर एकत्र उघडले की ७.९ पैकी ७.१ जीबी रॅम भरते.

डिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. पिवळा रंग, ‘कॉशन’. रीअलोकेटेड सेक्टर ८. म्हणजे डिस्कनं आठ जागा खराब म्हणून सोडून दिल्यात. लगेच मरेल असं नाही, पण आता तिच्या भरवशावर राहायचं नाही. दुसरं काहीही करायच्या आधी दुकानाचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. त्यातच रविवार संपला.

नवीन मशीन का नाही, किंवा विंडोज कोरं का टाकत नाही, असं कुणी विचारेल. कारण फाँट. आमच्याकडे २००६ पासूनच्या फायली आहेत, सगळ्या युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फाँटमधल्या. फाँटचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं, बसवून देणारा माणूस कधीच हे काम सोडून गेला, आणि कीबोर्डची मांडणी आप्पांच्या बोटांत बसलेली. त्यांनी एकच अट घातली : “काय वाट्टेल ते कर, पण माझी वेलांटी इकडची तिकडं झाली नाही पाहिजे.” त्यामुळे ठरलं की आहे तशी डिस्क एसएसडीवर (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) क्लोन करायची, म्हणजे हुबेहूब नक्कल उतरवायची.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं, आजपासून पितृपक्ष. आप्पा म्हणतात या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही. मी म्हटलं, वर्षातले हेच पंधरा दिवस दुकान रिकामं असतं. घटस्थापनेनंतर जाहिराती आणि मग विधानसभा, तेव्हा मशीन उघडून बसले तर तुम्हीच ओरडाल. शेवटी आईनं तोडगा काढला : सुटे भाग म्हणजे दुरुस्ती, खरेदी नव्हे. आप्पांना पटलं नाही, पण गप्प बसले.

एसएसडी ऑनलाइन मागवली, ५०० जीबी. रॅम सांगलीला जाऊन आणायचं ठरवलं.

२२ सप्टेंबर, रविवार : रॅम

काल सांगलीतून ८ जीबीची पट्टी आणली, १,७५० रुपये. जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो काढून नेला होता, हे बरं केलं. दुकानदारानं आधी लॅपटॉपची आखूड पट्टीच काढून ठेवली होती. जुनी २६६६ वेगाची, मिळाली ३२००ची. चालते. या प्रोसेसरची मजल २६६६ पर्यंतच आहे, त्यामुळे नवी पट्टीही त्याच वेगानं पळते. जादा वेगासाठी जादा पैसे मात्र देऊ नका.

दोन्ही प्लग काढून, बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं (उरलासुरला करंट जातो) आणि बाजूचं झाकण सरकवलं. आत धूळ नव्हतीच. कापूस होता. कटिंग मशीनमधून उडणारा कागदाचा भुसा तीन वर्षं पंख्यात बसून त्याचं नमद्यासारखं जाड कापड झालेलं. ते रंगाच्या ब्रशनं काढायला पाऊण तास. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ब्रशबरोबर गरगर फिरतं.

या टॉवरमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा रॅमच्या डोक्यावर येतो. निळी पट्टी ओढली की पिंजरा दारासारखा उघडतो. खाली दोन स्लॉट, एक भरलेला. नवी पट्टी ठेवली, दाबली, एक ‘खट’ आवाज आला, झाकण लावून मशीन सुरू केलं. स्क्रीन काळी. बटणावरचा दिवा पिवळा, थांबून थांबून लुकलुकतोय.

चूक माझीच. या स्लॉटला खटका एकाच टोकाला आहे. दुसरं टोक नुसतं खाचेत सरकतं, ते नीट बसलंच नव्हतं. पट्टी तिरपी होती, मिलीमीटरभर. वरून पाहिलं तर कळत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून बाजूनं पाहिल्यावर दिसलं की एका बाजूला सोनेरी रेघ उघडी आहे. काढून, आधी खटका नसलेलं टोक अंगठ्यानं दाबलं, मग दुसरं. वाटतं त्याच्या दुप्पट जोर लागतो.

पुन्हा सुरू. पुन्हा काळी स्क्रीन. वीस सेकंद वाट पाहून मी प्लग ओढला. ही दुसरी चूक. नवी रॅम पहिल्यांदा ओळखताना मशीन वेळ घेतं. तिसऱ्या वेळेला हात मागं बांधून उभी राहिले. पन्नासेक सेकंदांनी मेमरी बदलल्याची सूचना आली, एक बटण दाबलं, विंडोज सुरू. १६ जीबी, ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या जोडीनं काम करतात).

खरं सांगायचं तर सुरू व्हायचा वेळ ६:४० वरून ६:१५ वर आला, बस. कोरल, ब्राउझर आणि पीडीएफ एकदम उघडे असताना मशीन गुदमरत नाही, हा फरक मोठा आहे. पण चालू होतानाचं रडगाणं डिस्कचं आहे, रॅमचं नाही. दोन्हींपैकी एकालाच पैसे असतील तर आधी एसएसडी घ्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार : चुकीची एसएसडी

पार्सल आलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लगेच बसवायला घेतली. मदरबोर्डवर एम.२ ची, म्हणजे चपट्या एसएसडी कार्डाची खाच आहे, हे रविवारीच पाहून ठेवलं होतं. कार्ड त्यात अगदी सहज गेलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) काही दिसेना. काढलं, पुसलं, परत लावलं. नाही. दोन तास गेल्यावर कंपनीच्या साइटवरून या मॉडेलचं मॅन्युअल उतरवलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं : एम.२ खाचेत फक्त पीसीआय एक्सप्रेस.

मी घेतलेली एम.२ होती, पण साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या पद्धतीनं बोलणारी. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे आणि त्या आकारात दोन जातीची कार्डं येतात, हे मला माहीत नव्हतं. सोनेरी दातांकडे पाहिलं की ओळखू येतं : माझ्या साटा कार्डाला दोन फटी होत्या, पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमईला बहुतेक एकच. पण फटींवर विसंबू नका, वर्णनात ‘एनव्हीएमई’ हा शब्द असलाच पाहिजे. दोन फटीवालं कार्ड एक फटीवाल्या खाचेत बसतं, हीच तर गोची. बसलं म्हणजे चालतं असं नाही.

परत पाठवली. पैसे परत मिळतील, पण पाच दिवस पाण्यात. एनव्हीएमई ५०० जीबी मागवली, ३,६०० रुपये. १ टीबी घ्यावी का, यावर अर्धा तास विचार केला. जुन्या डिस्कवर २८६ जीबीच भरलंय, म्हणून ५०० पुरे म्हटलं. या निर्णयाचा पश्चात्ताप २ ऑक्टोबरच्या नोंदीत आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

एसएसडी काल आली. कार्ड ८० मिलीमीटर लांब. बोर्डावर ते टेकवायची पितळी खुंटी मात्र ३० मिलीमीटरच्या भोकात बसवलेली, आखूड कार्डासाठी. नोज प्लायरनं खुंटी पिळून काढली आणि लांबच्या भोकात लावली. आता वरचा स्क्रू? स्क्रू नाहीच. एसएसडीच्या डब्यात नाही, मशीनमध्ये नाही. दुकानातल्या कुठल्याच स्क्रूचा आटा जुळेना. हा फार बारीक असतो, दोन मिलीमीटर जाडीचा. चिकटपट्टी लावू नका. कार्ड गरम होतं, पट्टी सुटते, आणि कार्ड तिरकं उभं राहतं.

कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे गेले. त्यानं खालचा डबा उपसला, एका मेलेल्या लॅपटॉपचा बोर्ड काढला आणि त्याचा स्क्रू फिरवून माझ्या तळहातावर ठेवला. “घ्या ताई. पाडू नका, सापडत नाही.” दुकानात येऊन पहिल्याच फटक्यात पाडला. स्पीकरचं जुनं चुंबक जमिनीवरून फिरवून मिळवला. त्यानं पैसे घेतले नाहीत. त्याच्या व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन फुकट करून द्यायचं कबूल केलंय.

बायोसमध्ये एसएसडी दिसली. जीव भांड्यात पडला. संध्याकाळ झाली होती, क्लोनिंग उद्या म्हणून मशीनचा प्लग काढून घरी गेले.

३० सप्टेंबर, सोमवार : निळी स्क्रीन

सकाळी आप्पांनी मशीन सुरू केलं. निळी स्क्रीन, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. एक गिऱ्हाईक दशक्रियेच्या पत्रिकेचं प्रूफ पाहायला बाकावर बसलेलं. आप्पा माझ्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. गिऱ्हाइकाचं काम माझ्या मशीनवर उरकलं आणि मग शोध सुरू.

आधी संशय एसएसडीवर. काढली, तेच. मग रॅम. नवी पट्टी काढली, तेच. जुनी काढून नवी एकटी लावली, तेच. आठ खराब सेक्टरवाली डिस्क शेवटी गेलीच, असं समजून रडायच्या बेतात होते. पण बायोसमध्ये डिस्क तर दिसत होती. तिथंच कोपऱ्यात तारीख : १ जानेवारी २०१८.

तारीख मागं गेली म्हणजे बायोस सगळं विसरलंय. बाकीचं काय विसरलंय ते पाहत गेले तर साटाच्या पानावर ‘रेड ऑन’ निवडलेलं (रेड आणि एएचसीआय या डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती). आमचं विंडोज ज्यानं टाकलं त्यानं एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं असणार. कंपनीची मूळ सेटिंग रेड. सेटिंग मुळावर गेली आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना. एएचसीआय केलं, सेव्ह केलं, विंडोज निमूट सुरू.

कारण बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२. शेजारच्या इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर २.१ व्होल्ट. असायला हवेत ३. इतकी वर्षं कळलं नाही, कारण प्लग कायम लावलेला असायचा. मागच्या दोन वेळी तासभर काढला तेव्हा सेलनं कशीबशी तग धरली. अख्ख्या रात्री धरली नाही. घड्याळाच्या दुकानात नवा सेल ३० रुपये. अडीच तास आणि एक गिऱ्हाईक, तीस रुपयांपायी. तुमचं मशीन पाच-सहा वर्षांचं असेल तर झाकण उघडल्याबरोबर हा सेल बदला, आणि त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

जाता जाता : ज्यांचं विंडोज रेड मोडमध्येच बसलंय आणि ज्यांना मुद्दाम एएचसीआय करायचंय, त्यांनी नुसतं बायोस बदलू नये, हीच निळी स्क्रीन येईल. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबवर ‘सेफ बूट’ची टिक करा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि टिक काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर.

२ ऑक्टोबर, बुधवार : क्लोन

गांधी जयंती आणि सर्वपित्री अमावस्या एकाच दिवशी. दुकान बंद, मी आत. आईनं डबा दिला.

क्लोनसाठी पूर्वी सगळे मॅक्रिअमची फुकट आवृत्ती सुचवायचे, ती आता बंद झालीय. मी क्लोनझिला पेन ड्राइव्हवर घेतलं. त्याचं पहिलंच म्हणणं : नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे, जमणार नाही. भरलेला भाग २८६ जीबी असला तरी विभाग (पार्टिशन) ९३० जीबीचा, आणि ते विभाग बघतं. १ टीबी घेतली असती तर इथंच काम संपलं असतं. दोन-अडीच हजार वाचवले आणि दिवस घालवला.

मग सी ड्राइव्ह आखडायला घेतला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक’ केलं तर फक्त ११८ जीबी काढता येतील म्हणाला, अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी असून. काही फायली जागच्या हलत नाहीत आणि त्या मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशन बंद, पेज फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद, सिस्टिम रिस्टोअर बंद, रीस्टार्ट. आता ५४० मिळाले. सी ४०० जीबीचा केला. राहिला रिकव्हरीचा ५०० एमबीचा तुकडा, तो डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला. जीपार्टेडनं (विभाग हलवायचं सॉफ्टवेअर) उचलून सीच्या मागं आणून चिकटवला. हे मिनिटभरात झालं.

परत क्लोनझिला. एक्सपर्ट मोड, नव्या डिस्कचा आकार तपासू नको हा पर्याय, विभागांचा तक्ता जुन्यासारखाच. एक गोष्ट दोनदा नाही, तीनदा वाचा : कुठून आणि कुठं. उलट निवडलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते. मी दोन्हींची नावं कागदावर लिहून आकाराशी ताडून पाहिली, मगच एंटर.

११ वाजून ४० मिनिटांनी सुरू. ६१ टक्के झाले आणि वीज गेली. यूपीएस किंचाळायला लागला. आप्पांच्या हिशेबानं तो अर्धा तास टिकतो. चार मिनिटांत बसला.

घाबरू नका. क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, तिला काही होत नाही; नवीवर अर्धवट कचरा राहतो, तो पुन्हा लिहिला की गेला. हीच वीज सी आखडताना गेली असती तर मी या नोंदी लिहीत बसले नसते. सकाळी बॅकअप हाताशी आहे म्हणून निर्धास्त होते, पण यूपीएस तपासायचं सुचलं नाही, हे खरं. इलेक्ट्रिशियनकडून १२ व्होल्टची बॅटरी आणली, १,१०० रुपये, दोन तास वीज यायची वाट पाहिली. दुसऱ्या वेळी १ तास ३५ मिनिटांत पूर्ण.

यानंतर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा. दोन्ही डिस्कची आतली ओळख आता एकच आहे. एकत्र सुरू केल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं किंवा कुठली खरी यात घोळ घालतं.

केबल काढून सुरू केलं तर ‘बूट डिव्हाइस नाही’. बायोस अजून जुन्या डिस्कचा पत्ता धरून बसलेलं. बूटच्या पानावर एसएसडीची नोंद नव्यानं घातली. चालू झालं.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

विंडोज २४ सेकंदांत. कोरलमध्ये फाईल दिसेपर्यंत एकूण ५१ सेकंद. डोंगल जागेवर, फाँट जागेवर. आप्पांनी २००९ ची एक सत्यनारायणाची पत्रिका उघडली, चष्मा वर करून एकेक ओळ वाचली. वेलांट्या, रफार, ‘श्री’ची गाठ, सगळं जिथल्या तिथं. मग म्हणाले, “उदबत्ती लावायच्या आत उघडलं की हे.” त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

एका जुन्या सॉफ्टवेअरनं डिस्क बदलली हे ओळखलं आणि परवान्याचा नंबर परत मागितला. नंबर बिलाच्या फाईलमध्ये मिळाला, पंचवीस मिनिटं गेली. पेज फाईल परत चालू केली. मी विसरले होते, तुम्ही विसरू नका. नव्या डिस्कच्या शेवटी ६० जीबी रिकामे राहिलेत, मधे रिकव्हरीचा तुकडा असल्यानं ते सीला जोडता येत नाहीत. राहू दे तसेच.

खर्च : रॅम १,७५०, एसएसडी ३,६००, सेल ३०, यूपीएसची बॅटरी १,१००, सांगलीची फेरी १५०. एकूण ६,६३० रुपये. वेळ मोजला तर तीन अख्खे दिवस आणि दोन दुपारी, त्यातला निम्मा माझ्याच चुकांत.

२० ऑक्टोबर, रविवार

१५ तारखेला निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. तेव्हापासून मशीन रोज बारा तास चालू आहे. पत्रकं, डोअर हँगर, आणि प्रत्येकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता, ते राहिलं की कायद्यानं आमच्याच गळ्याशी येतं. एकदाही अडकलं नाही. एसएसडीचं तापमान ४४ अंशांच्या वर गेलेलं दिसलं नाही. प्रिंटिंगचा वेळ मात्र होता तेवढाच आहे. तो प्रिंटरचा प्रश्न, त्याला रॅम लावून उपयोग नाही.

विंडोज ११ राहिलंय. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार आहेत. आय५-८४०० चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आहे, बायोसमध्ये टीपीएम (मशीनमधली सुरक्षेची सोय) चालू करावं लागेल. पण डोंगलचा ड्रायव्हर त्यावर चालतो का, हे आधी माझ्या मशीनवर बघणार. आप्पा म्हणतात बेदाण्याची लेबलं संपेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणजे उन्हाळा.

जुनी डिस्क पुसलेली नाही. वर चिकटपट्टी लावून ‘२-१०-२४, मशीनमध्ये नव्या डिस्कबरोबर लावू नये’ असं मार्करनं लिहून कपाटात, बिलबुकांच्या मागं ठेवलीय.